घरी चिनी बोलणाऱ्या मुलीनं विद्यापीठात चिनीच्या कुठल्या वर्गात बसावं?

दुरेघी

मुलीची आई तैवानची आहे. मायलेकी आपसात मॅन्डरिनच, म्हणजे प्रमाण चिनीच बोलतात, आजीशी फोनवर गप्पाही त्याच भाषेत. पण वाचता येतात ती जेमतेम शंभरेक अक्षरं, आणि लिहायचं म्हटलं तर स्वतःचं नाव, आकडे, संपलं. आता विद्यापीठात रीतसर चिनी शिकायचं म्हणते.

तिथे दोन वाटा आहेत. एक नवशिक्यांचा वर्ग, दुसरा 'हेरिटेज' म्हणजे घरातून भाषा आलेल्यांचा. आधी कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट असते. तिच्या मैत्रिणी सांगतात, टेस्टमध्ये काहीच येत नाही असं दाखव, नवशिक्यांत बस आणि आयते मार्क घे. आईचं म्हणणं की तिला सगळं येतं, सरळ दुसऱ्या वर्षाला बसू दे. मला दोन्ही पटत नाही.

सत्र सुरू व्हायला दहा-बारा आठवडे आहेत. तेवढ्यात काय करून घ्यावं आणि कशाच्या नादी लागू नये, हे जाणकारांनी सांगावं. मला स्वतःला चिनी येत नाही.

शिरोरेखा

आयत्या मार्कांचा सल्ला आधी निकालात काढू. पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांच्या लक्षात येतंच. नवशिका प्रत्येक वाक्य जुळवून बोलतो. घरी बोलणारी मुलगी मात्र वाक्याच्या शेवटी 'आ', 'बा', 'मा' अगदी सहज लावते, आणि तेवढ्यावरूनच ओळखू येते. मग वर्ग बदलावा लागतो, आणि तोवर हेरिटेज वर्ग तीन-चार धडे पुढे गेलेला असतो.

लक्षात आलं नाही, तर नुकसान जास्त. नवशिक्यांच्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग टोन (म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढ-उतार, मॅन्डरिनमध्ये चार), शब्दक्रम, 'हे काय आहे, ते कुठे आहे' यात जातो. हे तिला शाळेत जायच्या आधीपासून येतं. मुलगी बोलण्याच्या जोरावर वर्ष काढते आणि अक्षरं गिरवण्याची सवय लागतच नाही. दुसऱ्या वर्षी उतारे लांब होतात तेव्हा शेजारचा शून्यापासून आलेला मुलगा वाचत असतो आणि ही अडखळत असते.

आईचं म्हणणंही तितकंच फसवं आहे. 'येतं' म्हणजे कानाला येतं. तिचं ऐकणं तिसऱ्या वर्षाचं असेल, वाचणं पहिल्या सत्राचं आणि लिहिणं त्याच्याही मागे. वर्ग निवडायचा तो सर्वांत मागे असलेल्या कौशल्यावरून नव्हे आणि सर्वांत पुढे असलेल्यावरूनही नव्हे. ही दरी गृहीत धरूनच जो अभ्यासक्रम आखलेला असतो तो हेरिटेज वर्ग. साधारणपणे नवशिक्यांच्या दोन वर्षांचा मजकूर तिथे एका वर्षात होतो. व्याकरण झपाट्यानं आटोपतात आणि वेळ वाचन-लेखनाला देतात. आठवड्याला चाळीस-पन्नास नवी अक्षरं आली तर दचकू नका.

प्लेसमेंटमध्ये बहुधा एक माहितीपत्रक, वाचनाची परीक्षा, थोडं लेखन आणि तोंडी मुलाखत असते. माहितीपत्रकात खरं लिहायचं: घरी कोण बोलतं, किती बोलतं, शनिवार-रविवारची चिनी शाळा केली आहे का. परीक्षेसाठी घोकंपट्टी करू नये. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ही मुलं चार ओळखीच्या अक्षरांवरून अख्खं वाक्य ताडतात, कारण वाक्य काय असणार हे कानाला ठाऊक असतं. मग निकाल फुगतो, वरचा वर्ग मिळतो आणि तिथे पहिल्याच महिन्यात हातानं निबंध लिहायची वेळ येते. त्यामुळे मुलाखतीत स्वतःहून सांगावं, "मला एक परिच्छेद हातानं लिहायला द्या, म्हणजे माझी खरी पातळी तुम्हाला दिसेल." शिक्षकांना याचं कौतुकच वाटतं.

विभागाला आधीच विचारून ठेवा: परीक्षा हातानं लिहायच्या की टाइप करायच्या? दर आठवड्याला श्रुतलेखन आहे का? दोन्ही वाटा पुढे कुठल्या वर्षी एकत्र येतात? आणि भाषेची सक्तीची अट असेल तर ती हेरिटेज वर्गानं पूर्ण होते का? शेवटचं उत्तर ईमेलमध्ये लेखी घ्या.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. 'समजतं, पण बोलता येत नाही' अशी मुलंही हेरिटेजमध्येच मोडतात. या क्षेत्रात भाषाशिक्षणाच्या अभ्यासक ग्वादालुपे वाल्देस यांची व्याख्या सर्वांत जास्त वापरली जाते आणि ती नुसतं समजणाऱ्यांनाही धरूनच केलेली आहे. तेव्हा बोलताना जीभ अडते म्हणून या वर्गाला घाबरू नये.

वाटाड्या

वर्गाचं शिरोरेखांनी सांगितलं, मी सुट्टीचं सांगतो. सगळे आधी अक्षरांवर तुटून पडतात. पहिले दोन आठवडे एकही अक्षर न शिकता फक्त पिनयिन करा.

पिनयिन म्हणजे रोमन लिपीत चिनी उच्चार लिहिण्याची पद्धत, चीनमध्ये १९५८ पासून अधिकृत. आई तैवानची असल्यानं ती बहुधा उच्चार लिहिण्याची तिथली ३७ चिन्हांची पद्धत, झुयिन, वापरत असेल आणि मुलीनं पिनयिन कधी नीट शिकलेलंच नसेल. बोलता येतं म्हणून ते आपोआप येईल असं वाटतं, पण येत नाही. विद्यापीठात टायपिंग, शब्दकोश, श्रुतलेखन सगळं त्यावर उभं आहे.

चुका ठरलेल्या जागी होतात. तैवानच्या आणि दक्षिण चीनच्या बोलण्यात 'स' आणि जीभ वळवून काढलेला 'श' एकमेकांत मिसळतात. 'चार' आहे 'सि', चौथ्या टोनचा. 'दहा' आहे 'शि', दुसऱ्या टोनचा. घरी दोन्ही 'सि' म्हटले जातात, टोनवरून फरक कळतो आणि कुणाचं काही अडत नाही. कीबोर्डवर एस-आय टाइप केलं की यादीत 'दहा' येतच नाही. मुलगी पानामागून पान उलटत बसते. झेड आणि झेड-एच, सी आणि सी-एच यांचं तेच. आणखी एक जोडी शेवटच्या अनुनासिकाची: 'शिन' म्हणजे नवा, 'शिंग' म्हणजे तारा, 'शेन' म्हणजे खोल, 'शेंग' म्हणजे जन्म देणं. बऱ्याच घरांत या जोड्या एकसारख्याच ऐकू येतात. घरचे मूळ सिच्वान किंवा हूनानकडचे असतील तर 'न' आणि 'ल' मिसळतात.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'मोहू यिन' नावाची सोय असते, म्हणजे असे जवळचे उच्चार तो एकच धरतो. गप्पा मारताना ती चालू ठेवायला हरकत नाही. अभ्यासाच्या काळात ती बंदच ठेवा. शब्द सापडला नाही की उच्चार कुठे घसरला ते लगेच कळतं, आणि शिकवणारा समोर नसताना यापेक्षा चांगली तपासणी नाही. एक वही घेऊन फक्त न सापडलेले शब्द टिपायचे. दोन आठवड्यांनी त्या वहीत चुकांचे तीन-चारच प्रकार उरलेले दिसतील, आणि सराव तेवढ्यांचाच करायचा.

दुसरी जागा म्हणजे टोनच्या खुणा. दोन तिसरे टोन लागोपाठ आले की पहिल्याचा उच्चार दुसऱ्यासारखा होतो. 'नी हाव' ती बिनचूक म्हणते, म्हणूनच खूण लावताना पहिल्या अक्षरावर दुसऱ्या टोनची खूण करते आणि तिचे मार्क जातात. लिहिताना मूळ टोन लिहायचा, दोन्हीकडे तिसराच. नवशिक्याची ही चूक होत नाही, कारण त्यानं शब्द आधी कागदावर पाहिलेला असतो.

तिसरी जागा स्पेलिंगच्या नियमांची. जे, क्यू, एक्स यांच्यानंतर लिहिलेला यू हा मुळात दोन टिंबांचा यू असतो, टिंबं गाळलेली असतात. एल आणि एन नंतर मात्र टिंबं राहतात आणि कीबोर्डवर त्यासाठी व्ही दाबावा लागतो. 'हिरवा' हवा असेल तर एल-व्ही. हे कुणी सांगितलं नाही तर ते कळायला मार्ग नाही.

दुरेघी, तुम्हाला चिनी येत नाही म्हणालात, पण उच्चार तपासायला मराठी कान कामाचा आहे. पिनयिनमधला बी म्हणजे आपला 'प' आणि पी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला, ओठ मिटून काढलेला 'फ'. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ', जी म्हणजे 'क', के म्हणजे 'ख'. झेड म्हणजे 'चारा'मधला च, जे म्हणजे साधारण 'चार'मधला च, आणि झेड-एच साठी जीभ ट च्या जागेकडे मागे न्यायची. हे तीन तिच्या तोंडून वेगळे निघतात का, ते तुम्ही स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ऐकू शकता.

ओंजळ

पिनयिननंतर अक्षरं. इथे तिच्याकडे जे भांडवल आहे ते नवशिक्याकडे नाही, आणि बहुतेक मुलं ते वापरतच नाहीत.

चिनी अक्षरांतली बहुसंख्य दोन भागांची असतात. एक भाग अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा. एक उदाहरण सावकाश बघा. 'छिंग' उच्चाराचा एक घटक आहे, अर्थ निळा-हिरवा. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की झालं 'छिंग छु', म्हणजे स्पष्ट, या शब्दातलं पहिलं अक्षर. थेंबांऐवजी सूर्य काढला की 'छिंग थिएन'मधलं, म्हणजे निरभ्र दिवस. हृदयाची उभी खूण काढली की भावना, 'शि छिंग'मधलं. बोलण्याची खूण काढली की 'कृपया'. डोळा काढला की 'येन जिंग'मधलं दुसरं, उच्चार किंचित बदललेला. नवशिक्याला हे पाच नवे शब्द, पाच नवे टोन आणि पाच नवी अक्षरं. तुमच्या मुलीला पाचही शब्द तोंडपाठ आहेत. तिला फक्त एक घटक आणि पाच खुणा शिकायच्या आहेत.

म्हणून अक्षरं पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं एकेक न घेता अशा कुटुंबांनी घ्या. अशा खुणांना रॅडिकल म्हणतात. पारंपरिक रॅडिकल २१४ आहेत, पण सगळे पाठ करायची गरज नाही. पाणी, हात, तोंड, हृदय, बोलणं, लाकूड, स्त्री, माणूस, अन्न, धातू, गवत, चालणं असे साठ-सत्तर आले की पुरे. दिवसाला आठ नवी अक्षरं, आठवड्यातले पाच दिवस. पिनयिननंतर उरलेल्या आठ-दहा आठवड्यांत सव्वातीनशे ते चारशे होतात. यापेक्षा वेग वाढवला तर उजळणी डोईजड होते: रोज आठ नवी म्हटली तरी महिन्याभरात रोजची उजळणी साठ-सत्तर कार्डांवर जाते.

कार्डं कशी करायची हे महत्त्वाचं आहे. अंकी वगैरे उजळणीच्या अॅपमध्ये कार्डांचे तयार गठ्ठे मिळतात, त्यांत पुढच्या बाजूला अक्षर आणि मागे अर्थ असतो. हे तिच्यासाठी उलटं आहे. तिच्या कार्डाच्या पुढे आवाज हवा, पूर्ण शब्दाचा किंवा छोट्या वाक्याचा, आणि तिनं ते अक्षर हातानं कागदावर लिहायचं. मागे उत्तर. कारण तिची खरी चूक समध्वनींची आहे. 'त्साय', चौथा टोन: एक म्हणजे 'असणं, अमुक ठिकाणी', दुसरं म्हणजे 'पुन्हा'. उच्चार तंतोतंत एक, अक्षरं वेगळी. 'था' म्हणजे तो, ती, ते, तिन्ही कानाला सारखे, लिहायला वेगळे. 'द' तर तीन. पुढे नाम असेल ('माझं पुस्तक') तर पहिला. क्रियापदानंतर ती क्रिया कशी झाली हे सांगायचं असेल ('पळतो जोरात') तर दुसरा. क्रियापदाच्या आधी रीत सांगायची असेल ('हळूहळू चाल') तर तिसरा. हेरिटेज विद्यार्थ्यांच्या श्रुतलेखनातल्या लाल खुणांत ही मंडळी ठाण मांडून असतात. सुट्टीतच त्यांचा बंदोबस्त करा.

आता एक सापळा. चिनी मालिका चिनी सबटायटल लावून बघितल्या की वाचन सुधारतं असं सगळे सांगतात. या मुलांचं नाही सुधारत, कारण कान सगळं काम करून मोकळा होतो आणि डोळ्याला काही उरत नाही. क्रम उलटा करा: पाच मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून, थांबवत थांबवत फक्त वाचायचा, मग आवाज लावून पडताळायचा. रोज पाच मिनिटं खूप झाली.

आणि आजीशी व्हॉइस मेसेज बंद, टाइप केलेलेच पाठवायचे. आजीला थोडा त्रास होईल, चालेल.

दुरेघी

फारच उपयोगी, मंडळी. एक राहिलं. आई पारंपरिक अक्षरं लिहिते, विद्यापीठात सोपी केलेली शिकवणार. शिवाय काही शब्द घरी वेगळे आहेत असं मुलगी म्हणते. शिक्षक ते चूक धरतील का?

शिरोरेखा

आधी विचारा. हेरिटेज वर्गांत बऱ्याच ठिकाणी दोन्हींपैकी कुठलीही चालतात, अट एवढीच की एका लेखात सरमिसळ नको. सरमिसळ झाली की मार्क जातात.

चीननं १९५६ आणि १९६४ मध्ये अक्षरं सोपी करण्याच्या याद्या काढल्या. त्यांत दोनेक हजार अक्षरं बदलली, पण पुष्कळशी घटकांच्या पातळीवर: बोलण्याची खूण एकदा सोपी केली की ती असलेली सगळी अक्षरं सोपी झाली. त्यामुळे पारंपरिक येणाऱ्याला सोपी वाचायला फार वेळ लागत नाही. अडचण येते ती दोन-तीन पारंपरिक अक्षरं एकात विलीन झाली तिथे. 'फा' हे सोपं अक्षर 'पाठवणं' आणि 'केस' या दोन्हींसाठी आहे. 'होउ' हे 'नंतर' आणि 'राणी' दोन्हींसाठी, 'मिएन' हे 'चेहरा, बाजू' आणि 'नूडल्स' दोन्हींसाठी. सोप्याकडून पारंपरिककडे जाताना कुठलं निवडायचं हे ठरवावं लागतं, आणि संगणकही तिथे चुकतो. म्हणून माझा कल असा: हातानं एकच पद्धत लिहायची, वर्गाची. वाचायला दोन्ही. कार्डाच्या मागच्या बाजूला दोन्ही रूपं ठेवा.

शब्दांबद्दल: 'कचरा' तैवानमध्ये 'ले स', चीनमध्ये 'ला जी', अक्षरं मात्र तीच. 'आठवडा' या शब्दाचा शेवटचा टोन तैवानमध्ये दुसरा, चीनमध्ये पहिला. 'संशोधन'मध्येही शेवटचा टोन वेगळा. टॅक्सी, सायकल, अननस, सॉफ्टवेअर, व्हिडिओ यांना शब्दच निराळे. 'थु दोउ' म्हणजे चीनमध्ये बटाटा आणि तैवानमध्ये शेंगदाणा! हे सगळे प्रमाण शब्द आहेत, चुका नाहीत, आणि कुठलाही जाणता शिक्षक तसंच मानतो. मुलीनं दोन्ही रूपं जोडीनं लिहून ठेवावीत आणि श्रुतलेखनात पाठ्यपुस्तकाचं रूप वापरावं.

एका गोष्टीवर मात्र खूण होईल. तैवानी बोलण्यात झालेल्या क्रियेसाठी क्रियापदाआधी 'योउ' लावतात, 'मी योउ पाहिलं' या धर्तीवर. प्रमाण लेखनात तिथे क्रियापदानंतर 'ल' किंवा 'कुओ' लागतो. हे तिच्या जिभेवर इतकं बसलेलं असेल की तिला ते वेगळं आहे हेच दिसणार नाही. निबंध झाल्यावर फक्त 'योउ' शोधत एकदा वाचायचं.

पिंपळपान

मधेच विचारते. घरी मॅन्डरिन नसून कॅन्टनीज, म्हणजे हाँगकाँगकडची चिनी असेल तर हेच लागू होतं का? ओळखीतली एक मुलगी त्या अडचणीत आहे.

वाटाड्या

अर्धंच लागू होतं. काही विद्यापीठांत अशा मुलांसाठी तिसरा वर्ग असतो. तो आहे का, हे आधी बघा.

तिला उच्चार नव्यानं शिकायचे आहेत, पण हवेतून नाही. कॅन्टनीजचा पहिला टोन असेल तर मॅन्डरिनमध्ये बहुधा पहिलाच, चौथा असेल तर दुसरा, दुसरा आणि पाचवा असेल तर बहुतेक वेळा तिसरा, तिसरा आणि सहावा असेल तर चौथा. प, त, क वर संपणाऱ्या शब्दांना हा नियम लागत नाही, ते चारही टोनांत विखुरले आहेत आणि पाठच करावे लागतात. शेवटचा 'म' मॅन्डरिनमध्ये 'न' होतो: 'साम', हृदय, तिथे 'शिन'. उलट शेवटचा 'न' की 'ंग', जिथे तैवानी घरातली मुलं अडखळतात, तिथे तिला कॅन्टनीजच उत्तर देते: नवा हा 'सान', तारा हा 'सिंग'.

व्याकरणाकडे तिनं दुर्लक्ष करू नये. 'तू आधी जा' मध्ये कॅन्टनीजला 'आधी' शेवटी येतं, मॅन्डरिनमध्ये क्रियापदाआधी. तुलना करताना 'उंच' नंतर 'कुओ' लावायची सवय असते, तिथे 'बी' घेऊन पूर्ण रचना फिरवावी लागते.

ओंजळ

आईचं काय, हे कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं.

आईला शिक्षक करू नका. बोलताना प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं तर मुलगी घरी बोलणंच कमी करेल, आणि तिची सर्वांत मोठी ताकद तीच आहे. आईकडे दोन ठरलेली कामं द्या. एक, रोज दहा मिनिटं श्रुतलेखन: आईनं वाक्य नेहमीच्या गतीनं वाचायचं, मुलीनं हातानं लिहायचं, स्ट्रोकचा, म्हणजे अक्षरातल्या रेघांचा क्रम आईनं बघायचा. आडवी रेघ उभीच्या आधी, डावं उजव्याच्या आधी, चौकटीत आतलं भरून मग खालची रेघ बंद. क्रम चुकला तर अक्षर दिसतं बरोबर, पण फोनवर बोटानं लिहून शोधताना कधी कधी सापडत नाही आणि भराभर लिहिताना मोडतं.

दुसरं काम बातम्यांचं. घरच्या भाषेत जेवण, नाती, रुसवे-फुगवे, औषधपाणी सगळं असतं, पण 'अर्थव्यवस्था', 'प्रदूषण', 'पुरावा', 'मतभेद' नसतं. आठवड्यातून एक बातमी दोघींनी मिळून वाचावी आणि तिच्यावर वाद घालावा. त्यातले दहा शब्द कार्डांत जातील. त्याच वेळी लेखी भाषेचे जोडशब्द उचलायचे: 'आणि' साठी 'ह' ऐवजी 'यू', 'पण' साठी 'दान शि' ऐवजी 'रान अर', 'म्हणून' साठी 'सुओ यि' ऐवजी 'यिन त्सि', 'मला वाटतं' साठी 'जुए द' ऐवजी 'रेन वेइ'. हेरिटेज विद्यार्थ्यांच्या निबंधावर सर्वांत जास्त येणारा शेरा 'बोलल्यासारखं लिहिलंय' हा असतो, आणि या चार-पाच जागा सुधारल्या तरी निबंधाचा पोत बदलतो.

मापशब्दांवरही, म्हणजे वस्तू मोजताना आकड्यानंतर लावायच्या शब्दांवरही आईनं कान ठेवावा. ही मुलं सगळ्याला 'क' लावतात. पुस्तकाला 'पन', कागदाला 'जांग', माशाला आणि रस्त्याला 'थिआव', गाडीला 'लिआंग'. इथे मात्र बोलतानाच सुधारायला हरकत नाही, आणि त्यासाठी वाक्य तोडायची गरज नाही: आईनं तेच वाक्य बरोबर मापशब्द घालून परत म्हणायचं आणि गप्पा पुढे चालू ठेवायच्या.